हेडलाइट मॉड्युलेटर: परवानगी कशाला आहे आणि कशाला नाही

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहता आणि रोज मोटरसायकलने कामावर जाता. गेल्या वर्षात दोन वेळा समोरून येणाऱ्या गाडीने आपल्याला न पाहताच डावीकडे वळण घेतले, म्हणून दिवसा हेडलाइटचा प्रकाश भराभर कमी-जास्त करणारा मॉड्युलेटर बसवण्याचा आपला विचार आहे. मात्र अशाच उपकरणामुळे आपल्या एका मित्राला पोलिसांनी अडवले होते. त्यामुळे हे उपकरण कायदेशीर आहे का, त्यासोबत पुढे दोन जादा दिवे आणि मागे लुकलुकणारा ब्रेकलाइट लावता येईल का, आणि हाच संच सांगलीतल्या धाकट्या भावाला पाठवला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. वाहनांच्या दिव्यांची मोजमापे घेणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, तेव्हा उत्तर थोडे आकड्यांच्या अंगाने जाईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: अमेरिकेत मोटरसायकलवरचा हेडलाइट मॉड्युलेटर कायदेशीर आहे आणि तो सर्व राज्यांत कायदेशीर आहे. वाहनांच्या दिव्यांसाठीचे संघराज्याचे सुरक्षा मानक क्रमांक १०८ त्याला स्पष्ट शब्दांत मान्यता देते. परंतु ही मान्यता ‘मॉड्युलेटर’ नावाच्या कोणत्याही डबीला दिलेली नाही. ती काही ठरावीक आकड्यांना दिलेली आहे, आणि आपल्या गाडीवर प्रत्यक्ष बसवलेली यंत्रणा त्या आकड्यांत बसते तोपर्यंतच ती आपल्याला लागू होते. दुकानाच्या खोक्यावर ‘कायदेशीर’ असे छापलेले असले तरी चुकीच्या दिव्याला किंवा चुकीच्या जागी जोडलेले तेच उपकरण त्या मान्यतेबाहेर जाते. आपल्या मित्राला अडवले गेले त्यामागे अधिकाऱ्याचे अज्ञान असू शकते, तसेच जोडणीतला दोषही असू शकतो. माझ्याकडे तपासणीला आलेल्या गाड्यांत दुसरे कारणही काही कमी वेळा आढळलेले नाही.

आता आकडे पाहू. प्रकाशाचे कमी-जास्त होणे मिनिटाला २४० वेळा, फार तर ४० इकडे किंवा तिकडे, म्हणजे २०० ते २८० या मर्यादेत असले पाहिजे. सेकंदाच्या हिशेबात हे साधारण चार वेळा होते. हा वेग इंडिकेटरच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे त्याची इंडिकेटरशी गल्लत होत नाही. आणि ज्या अपस्माराच्या रुग्णांना लुकलुकत्या प्रकाशाचा त्रास होतो त्यांच्यापैकी बहुतेकांना जाचणारा सेकंदाला पंधरा ते पंचवीस हा वेग याच्या बराच वर आहे. प्रत्येक आवर्तनात दिवा ५० ते ७० टक्के वेळ पूर्ण शक्तीने जळला पाहिजे. एक आवर्तन पाव सेकंदाचे धरले तर पूर्ण प्रकाश सुमारे एक अष्टमांश सेकंद ते त्याहून थोडा अधिक टिकतो आणि उरलेला वेळ मंद प्रकाश राहतो. मंद याचा अर्थ बंद नव्हे. मानकानुसार कोणत्याही मापनबिंदूवर किमान प्रकाश त्याच बिंदूवरच्या कमाल प्रकाशाच्या १७ टक्क्यांखाली जाता कामा नये. शिवाय अप्पर (दूरवर जाणारा झोत) किंवा डिपर (जवळ खाली पडणारा झोत) यांपैकी एकाच झोताला हे उपकरण जोडायचे असते.

या १७ टक्क्यांपाशी थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सम प्रमाणात घटत नाही. तो व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो. म्हणजे बारा-तेरा व्होल्टवर चालणाऱ्या हॅलोजन बल्बला साडेसात व्होल्टच्या आसपास आणले, की व्होल्टेज साठ टक्के उरते, पण प्रकाश मात्र १७ टक्क्यांच्या जवळपास येतो. त्यातच तंतू तापलेला असतो आणि थंड व्हायला वेळ घेतो, त्यामुळे उतार सौम्य होतो. जुने मॉड्युलेटर या स्वभावावर बेतलेले आहेत. एलईडी दिव्याला असा तापलेला तंतू नसतो. त्याच्या आतले वीज नियंत्रित करणारे सर्किट व्होल्टेज बदलले तरी प्रकाश कायम राखायचा प्रयत्न करते आणि एका मर्यादेखाली एकदम दिवा बंद करते. परिणामी हॅलोजनसाठीचा मॉड्युलेटर एलईडी हेडलाइटला लावला तर एक तर काहीच घडत नाही किंवा दिवा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद असा उघडझाप करू लागतो, आणि ही उघडझाप नियमात बसत नाही. मानकाने सुट्या विकल्या जाणाऱ्या मॉड्युलेटरवर किंवा त्याच्या खोक्यावर तो किती वॉटपासून किती वॉटपर्यंतच्या दिव्यासाठी आहे हे छापणे सक्तीचे केले आहे. आपल्या गाडीचा हेडलाइट ५५/६० वॉटचा हॅलोजन असेल तर काम सोपे आहे. कारखान्यातून एलईडी बसवून आलेला असेल तर त्या दिव्यासाठीच बनवलेले उपकरण शोधावे, आणि तसे मिळत नसेल तर हा बेत सोडावा.

जोडणीबद्दल नियम दोन गोष्टी सांगतो आणि दोन्हींमागे कारण आहे. उपकरण ज्या झोतासाठी आहे त्या तंतूकडे जाणाऱ्या वीजपुरवठ्याच्या वायरमध्येच ते असावे, अर्थच्या (वीज परत जाते त्या) बाजूला असू नये. आणि उपकरण बिघडले तरी अप्पर आणि डिपर दोन्ही चालू राहिले पाहिजेत. तीन पिनांचा नेहमीचा एच-४ बल्ब डोळ्यांपुढे आणा: एक पिन अप्परची, एक डिपरची आणि तिसरी दोघांची सामाईक. घाईत काम करणारा मेकॅनिक सोयीसाठी उपकरण त्या सामाईक वायरमध्ये घालतो, कारण तिथे एकच कपलर सोडवावा लागतो. मग ते जळाले की दोन्ही झोत एकदम जातात, आणि ते नेमके रात्री घाटात वळणावर कळते. काही गाड्यांत कारखान्याचीच वायरिंग अर्थच्या बाजूने स्विच होणारी असते. अशा गाडीवर कोणतेही उपकरण जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून कोणती वायर कायम जिवंत आहे हे पाहिल्याशिवाय कटर हातात घेऊ नये.

तिसरी गोष्ट उजेड ओळखणाऱ्या सेन्सरची. अंधार पडला की प्रकाशाचे हे कमी-जास्त होणे आपोआप थांबले पाहिजे, आणि त्यासाठी सेन्सर कसा बसवायचा हेही मानकात लिहिले आहे. त्याचा अक्ष जमिनीच्या पातळीला काटकोनात हवा, म्हणजे तो सरळ वर किंवा सरळ खाली पाहणारा असावा. वर पाहणाऱ्या सेन्सरवर थेट प्रकाश २७० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) खाली गेला, किंवा खाली पाहणाऱ्या सेन्सरवर रस्त्यावरून परतलेला प्रकाश ६० लक्सच्या खाली गेला, की दिवा स्थिर व्हायला हवा. खाली पाहणाऱ्या सेन्सरची चाचणी घेताना डांबरी रस्त्याऐवजी जमिनीवर कोडॅकचे करडे कार्ड ठेवतात. छायाचित्रणाचा नाद असलेल्यांनी ते हाताळलेले असेल.

माझ्याकडे एकदा एक गृहस्थ मोटरसायकल घेऊन आले. त्यांना दोन महिन्यांत तीन वेळा अडवले गेले होते आणि नियमाची प्लास्टिकच्या आवरणात घातलेली प्रत ते जाकिटाच्या खिशात बाळगत असत. गाडी कुठे चुकते ते पाहण्यासाठी मी संध्याकाळची वेळ निवडली. सेन्सर हँडलखाली प्लास्टिकच्या पट्टीने आडवा बांधलेला होता आणि त्याचे तोंड विंडस्क्रीनकडे होते. काळोख पडू लागला तसा हेडलाइटचाच प्रकाश विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूवर आपटून सेन्सरवर येऊ लागला आणि यंत्रणेची समजूत झाली की अजून दिवस आहे. रस्त्यावरचे दिवे लागून बराच वेळ झाला तरी हेडलाइट फडफडतच होता. त्यांच्याजवळच्या प्रतीतले सेन्सरविषयीचे कलम मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा आपण बचावासाठी बाळगलेला कागद आपल्याच विरुद्ध पुरावा आहे हे त्यांच्या लक्षात आले. सेन्सर विंडस्क्रीनच्या बाहेर, वर पाहणारा बसवला आणि काम झाले. गॅरेजमध्ये ट्यूबलाइटखाली ही चाचणी करू नये हे यातच सांगतो, कारण चांगल्या उजेडाच्या खोलीत २७० लक्स सहज असतात आणि उपकरण तिथे योग्यच वागत असते. सेन्सर तळहाताने पूर्ण झाका, दिवा स्थिर होतो का पाहा, आणि मग एकदा सूर्यास्तानंतर उघड्यावर तपासा.

आपल्या राज्याचा कायदा याच्याशी जुळता आहे. कॅलिफोर्निया वाहन संहितेच्या कलम २५२५१.२ नुसार मोटरसायकलच्या हेडलाइटचा अप्पर झोत मिनिटाला २०० ते २८० वेळा कमी-जास्त करता येतो, मात्र अंधारात नाही. आपण रोज ज्या भागातून जाता तिथे या ‘अंधार’ शब्दाचा अर्थ महत्त्वाचा ठरतो. त्याच संहितेत अंधार म्हणजे केवळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंतचा काळ नव्हे. ज्या वेळी १,००० फुटांवरचा माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसत नाही, ती कोणतीही वेळ कायद्याने अंधारच आहे. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात सकाळी नऊ वाजता पांढरे दाट धुके असते. ते डोळ्यांना अपारदर्शक असले तरी सेन्सरच्या दृष्टीने लख्ख उजेड असतो, कारण धुक्यातून झिरपणारा दिवसाचा प्रकाश २७० लक्सच्या कितीतरी वर असतो. म्हणजे यंत्र आपले काम चोख करत असताना आपण मात्र नियमभंग करत असता. त्यासाठी हँडलवर हाताने बंद करता येणारे बटण घ्या आणि धुक्यात ते वापरा. धुक्यात उघडझाप करणारा अप्पर झोत समोरच्यापेक्षा आपल्यालाच अधिक आंधळे करतो, हे एकदा तसे चालवून पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

राज्याचा पोलीस आणि संघराज्याचे मानक यांच्यातला संबंधही समजून घ्यावा. संघराज्याच्या वाहनसुरक्षा कायद्यानुसार, ज्या कामगिरीबद्दल संघराज्याचे मानक आहे तिच्याबद्दल राज्याला वेगळे मानक ठेवता येत नाही. ठेवायचे तर तंतोतंत तेच ठेवावे लागते. म्हणून एखाद्या राज्याच्या संहितेत ‘पुढे लुकलुकणारा दिवा लावू नये’ असे सरसकट वाक्य असले तरी मानकात बसणाऱ्या मॉड्युलेटरपुढे ते टिकत नाही. पण हा युक्तिवाद न्यायालयात करायचा आहे, रस्त्याच्या कडेला नव्हे. अधिकाऱ्याला लांबून पोलिसांच्या मोटरसायकलसारखे काही तरी दिसलेले असते आणि त्याचा संशय अगदीच निराधार नसतो. नियमाची प्रत दाखवावी, उपकरण सेन्सर झाकून बंद करून दाखवावे, आणि तरीही त्याने दंडाची पावती दिलीच तर ती मुकाट्याने घ्यावी. आपल्या दिव्याची मोजमापे लिहिलेला कागद जवळ असेल तर पुढचे काम सोपे होते.

आता याचा उपयोग होतो का? संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरे वाहन होते, आणि अशा अपघातांपैकी दोन तृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा आधी जाण्याचा हक्क डावलला होता. ‘मला दिसलाच नाही’ हे आपण ऐकलेले वाक्य तेव्हाही तसेच होते. १९७८ पासूनच्या मोटरसायकलींना कॅलिफोर्नियात इंजिनाबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला तो याच कारणाने. मॉड्युलेटरचा फायदा मुख्यतः समोरून डावीकडे वळू पाहणाऱ्या गाडीपुरता आणि कडेच्या गल्लीतून बाहेर येणाऱ्या गाडीपुरता आहे. आपण दोन रांगांच्या मधून जात असाल, आणि कॅलिफोर्नियात ते कायदेशीर आहे, तर पुढच्यांच्या आरशात तो लवकर दिसतो. मात्र वाहतूक पूर्ण थांबलेली असताना कोणाच्या मागे तो फडफडत ठेवणे हा निव्वळ छळ आहे.

एक सावधगिरी आपल्यासारख्यांनी विशेष बाळगावी. आपल्याकडे भारतात डिपर मारणे, म्हणजे दिवा चमकवणे, याचा अर्थ ‘मी येतो आहे, तू थांब’. इथे अमेरिकेत बहुतेक चालक एकदोन वेळा चमकवलेल्या दिव्याचा अर्थ ‘तुम्ही जा’ असा घेतात. मॉड्युलेटर सतत आणि वेगाने चालतो म्हणून तो गैरसमज सहसा होत नाही, पण चौकाच्या अगदी जवळ येऊन तो चालू किंवा बंद केला तर होऊ शकतो. चालू ठेवायचा तर बराच आधीपासून ठेवावा, आणि चालू असला तरी समोरच्या गाडीचे पुढचे चाक वळते आहे का इकडे लक्ष ठेवावे.

जादा दिव्यांना वरची मान्यता लागू होत नाही. मानकातली सूट हेडलाइटला आहे. बाजूला लावलेले दोन गोल दिवे कमी-जास्त करण्याची, किंवा डावा-उजवा असे आळीपाळीने उजळण्याची मुभा त्यात नाही. आळीपाळीने उजळणे हे तर आपत्कालीन वाहनांचे लक्षण मानले जाते. स्थिर दिव्यांबद्दल संघराज्याचे मानक एवढेच म्हणते की त्यांनी आवश्यक दिव्यांच्या परिणामकारकतेला बाधा आणू नये; बाकीचे राज्य ठरवते. कॅलिफोर्नियात अप्परला पूरक असे जास्तीत जास्त दोन दिवे जमिनीपासून १६ ते ४२ इंचांच्या दरम्यान लावता येतात, पण ते डिपरबरोबर जळता कामा नयेत. म्हणून त्यांचा रिले (विजेने चालणारा स्विच) अप्परच्या वायरवरूनच चालवावा, वेगळ्या बटणावर सोडू नये. एका वेळी पुढे असे चारपेक्षा अधिक दिवे पेटलेले चालत नाहीत, आणि त्यात हेडलाइटही मोजले जातात. दोन हेडलाइट असलेल्या गाडीवर दोन पूरक आणि दोन धुक्याचे दिवे लावणाऱ्याने ही बेरीज आधी करावी. पुढे रंग पांढरा किंवा पिवळा; निळ्याचा विचार कोणत्याही जागी करू नये. गाडीखाली रंगीत प्रकाशपट्टी लावायची तर तो प्रकाश मंद व पसरलेला हवा आणि पुढून लाल दिसता कामा नये.

लुकलुकणारा ब्रेकलाइट हा निराळा विषय आहे. संघराज्याच्या मानकानुसार ब्रेकलाइट स्थिर जळला पाहिजे, आणि कारखाना, विक्रेता किंवा दुरुस्ती करणारा व्यावसायिक ती स्थिती बिघडवू शकत नाही. स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करणाऱ्या मालकाला ही बंदी लागू होत नाही. त्याला राज्याचा कायदा लागू होतो. कॅलिफोर्नियाचा कायदा ब्रेक दाबल्यापासून पहिल्या चार सेकंदांत जास्तीत जास्त चार वेळा चमकण्याची मुभा देतो. बाजारातली पुष्कळ उपकरणे याहून अधिक वेळा चमकतात, तेव्हा विकत घेण्याआधी मोजणी विचारा. मी स्वतः हे लावत नाही, कारण मागच्या चालकाने ब्रेकचा अर्थ क्षणात लावायला हवा, आणि त्यासाठी एकदाच लागून तसाच राहणारा लाल दिवा मला अधिक विश्वासाचा वाटतो.

सांगलीच्या भावाला मात्र हा संच पाठवू नका. अमेरिकेतली सूट अमेरिकेच्या मानकातून येते आणि भारतीय नियमांत हेडलाइटसाठी तसा अपवाद नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे स्पॉटलाइट लावायलाही नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. अमेरिकेतले काही जादा दिवे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेले असतात आणि त्यांचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो; सांगलीत तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. त्याची गाडी १ एप्रिल २०१७ नंतर बनलेली असेल तर तिचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत दिवसाही जळतोच. त्या दिव्याची काच धुरकट झाली असेल तर ती बदलून घ्या, होल्डरचे काळवंडलेले टोक स्वच्छ करायला सांगा आणि झोताची उंची भिंतीवर पाहून नीट करून घ्यायला सांगा.